चार बोटं रुंदीची पट्टी

४ सप्टेंबर, सोमवार
आजपासून मी समकालीन कलाकार.

वही नवी आणणार होतो, पण दुकानातली पडद्यांच्या मापांची जुनी वही अर्धी कोरी निघाली. हिच्यातच लिहितो. फक्त माझ्यासाठी आहे. अक्षर मात्र नीट काढतोय, पुढेमागे म्युझियमला लागलीच तर.

झालं असं. शनिवारी दुकानात सेर्वा मॅडम आल्या. वीस वर्षं लंडनमध्ये काढून कुमासीला परतल्यात आणि टेकडीवर आर्ट गॅलरी काढतायत. पडदे बघायला आल्या होत्या. बोलता बोलता मी म्हणालो, आमचं घराणं सात पिढ्या केंटे विणतंय, राजाच्या अंगावर आमचं कापड असायचं. हे शंभर टक्के खरं आहे. सातवी पिढी म्हणजे न्सिया मामा, माझ्या आईचे भाऊ. आठवी मी. मी चौदाव्या वर्षी मागावरून उठून पळालो आणि पडद्यांचं दुकान काढलं, हे सांगायची वेळ आली नाही.

मॅडमनी विचारलं, तुम्ही स्वतः विणता? माझे कान तिखट आहेत. गिऱ्हाईक 'बघते' म्हणालं की त्यातलं 'घेते' मला आधी ऐकू येतं. मॅडमच्या प्रश्नात मला स्पष्ट 'प्लीज' ऐकू आलं. हो म्हणालो. खोटं नव्हे. लवकरच खरं होणारं.

नऊ डिसेंबरला प्रदर्शन. विषय पूर्वजांचं कापड आणि आजची कला. प्रत्येकाने स्वतःच्या हातचं काहीतरी मांडायचं आणि उद्घाटनाला लोकांसमोर मागावर बसून वीतभर विणून दाखवायचं. तीन महिने हातात. मी पडदे तीन दिवसांत देतो.

बायकोला सांगितलं. अफ्राकोमा म्हणाली, मग चर्चच्या पडद्यांची मापं कोण घेणार? मुद्दा असा की, कलेत तिला गती नाही.

उद्या पहाटे सहाला गावी, मामांच्या मागावर. ठरलं.

५ सप्टेंबर, मंगळवार
गेलो नाही. व्हिजिटिंग कार्डं छापायची होती. 'कलाकार' की 'समकालीन कलाकार' यात दुपार गेली. शेवटी 'ज्येष्ठ समकालीन कलाकार' केलं. उगाच परत छापायला नको.

६ सप्टेंबर, बुधवार
गेलो! अकरा वाजले, पण गेलो.

मामा शेडमध्ये मागावर बसले होते. वय एक्क्याऐंशी. मला बघितल्याबरोबर विचारलं, कोण गेलं? म्हणालो, कोणी नाही गेलं मामा, मी विणायला शिकायला आलोय. म्हणाले, म्हणजे अक्कल गेली.

मामांचा स्वभाव विनोदी.

बाजूच्या मागावर पोकुआ होती, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय सव्वीस. आमच्यात बायका मागावर बसत नसत. आठ वर्षांपूर्वी ही बसली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी महिनाभर मामांशी बोलणं टाकलं होतं. मामा म्हणाले होते, महिनाभर काम छान झालं.

मामांचा माग त्यांच्या मामांच्या मामांचा आहे. बसायची फळी इतकी गुळगुळीत की त्यात तोंड दिसेल. आमच्यात वारसा बापाकडून येत नाही, मामाकडून भाच्याकडे जातो. भाचा एकच, मी. मामांची नजर जात चाललीय, तेव्हा ख्रिसमसच्या आत माग कुणाला तरी सोपवणार म्हणाले. मी म्हणालो, कुणाला तरी म्हणजे? म्हणाले, माग भाच्याला जातो हे खरं. पण विणणाऱ्या भाच्याला.

प्रेमळ चिमटा. वारस मीच. प्रदर्शनात माझ्या नावाखाली 'वडिलोपार्जित मागाचे मालक' असं घालता येईल. नव्हे, मामोपार्जित. शब्द बघायला हवा.

पोकुआ म्हणाली, मामा, शूज काढा, बसून बघा. आज बसलो नाही. आज वातावरण आत घेतलं. फुफू आणि शेंगदाण्याचा रस्सा खाऊन परत.

८ सप्टेंबर, शुक्रवार
शुक्रवारी नवीन विणकाम सुरू करायचं नाही हा पूर्वजांचा नियम. पाळला. उद्या शनिवार, मयताला जायचंय, काळं-लाल कापड इस्त्रीला दिलंय. परवा रविवार, चर्च. परंपरेचा आदर हा माझ्या कलेचा पायाच आहे.

सोमवारी नक्की.

११ सप्टेंबर, सोमवार
ट्रॅफिक.

१४ सप्टेंबर, गुरुवार
गुरुवारी धरणीमातेला विश्रांती, शेतात कुदळ घालायची नाही. मला एकदम सुचलं की मागाचे चारही खांब जमिनीत रोवलेले असतात! मामांना फोन करून कळवलं की आज येत नाही, मुद्दा असा की धरणीला त्रास नको. मामा म्हणाले, माग जमिनीवरच आहे रे, तूच हवेत आहेस.

माझ्या विचारांची उंची त्यांना जाणवते हे बरं वाटलं.

२० सप्टेंबर, बुधवार
ऐतिहासिक दिवस. मागावर बसलो!

शरीर थोडं दुमडावं लागलं. मागाची चौकट जुन्या काळच्या सडपातळ माणसांसाठी केलेली. समोर अंगणभर ताणलेले उभे धागे, टोकाला त्यांचा ताण धरणारा घसरता दगड. खाली दोऱ्यांना बांधलेल्या चकत्या, त्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायच्या. डावा पाय खाली की एक फळी धागे वर, मध्ये जागा होते, तिच्यातून धोटा फेकायचा, फणी ठोकायची. मग उजवा पाय. ऐकायला सोपं आहे. आपली पट्टी चार बोटं रुंदीची. चारच बोटं! पडद्याला मी नव्वद इंच सहज हाताळतो.

वीस मिनिटं विणलं. सुरुवात चार बोटं. मध्ये तीन. मग अडीच. मग साडेपाच. पोकुआ म्हणाली, मामा, आडवा धागा फार ओढू नका, किनार आत जाते. मी तिला समजावलं. मुद्दा असा की, सरळ किनार ही जुन्या जमान्याची शिस्त. माझी पट्टी श्वास घेते. आत, बाहेर, आत, बाहेर.

मामांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, हिला दमा आहे.

२१ सप्टेंबर, गुरुवार
अंगठ्याच्या बेचक्यात फोड आलाय. विश्रांती. फोटो काढून ठेवला, प्रदर्शनात 'प्रक्रिया' म्हणून लावता येईल.

२ ऑक्टोबर, सोमवार
सेर्वा मॅडम स्टुडिओ बघायला आल्या. स्टुडिओ म्हणजे दुकानामागची गोदामाची खोली. काल दिवसभर पडद्यांच्या कड्या आणि दांड्या हलवल्या. काही दांड्या राहिल्या, त्यांना मॅडम इन्स्टॉलेशन समजल्या. मी नाही म्हणालो नाही.

मॅडमना आपली भाषा येते, पण पाहुण्यासारखी, चपला दाराबाहेर काढून आत येणारी. त्यांनी विचारलं, तुमचं कापड काय बोलणार? बरोबर प्रश्न. आपलं प्रत्येक कापड काहीतरी बोलतं, प्रत्येक नक्षीला नाव असतं. कुठे राजाचं, कुठे राणीचं, कुठे भांडकुदळ सवतीला मारलेला टोमणा. बाजारात बाई नक्षीवर बोट ठेवत नाही, नाव सांगते.

मॅडमना म्हणालो, नाव नंतर जाहीर करू. मनात ठरलेलं आहे. राजांच्या नावाची कापडं आहेत, मग पडद्याच्या दुकानदाराच्या नावाचं का नको? चाळीस वर्षं मी स्वतःच्या हिमतीवर उभा आहे. बोर्डवर 'अम्पोन्सेम अँड सन्स' लिहिलंय. सन्स नाहीत, तीन मुली आहेत, त्याही राजधानीत, अक्रात. म्हणजे नाव राहायला कापडच हवं. केजेटियाच्या बाजारात बाया उभ्या आहेत आणि म्हणतायत, मला सहा वार अम्पोन्सेम दे गं. हे मला अगदी कानात ऐकू येतं.

तीच माझी इच्छा. इथे लिहून ठेवतो. बाकी सगळं निमित्त.

मॅडम जाताना पडद्यांची डिलिव्हरी कधी म्हणाल्या.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
शुक्रवार. नियम.

१८ ऑक्टोबर, बुधवार
हिशेब मांडला. पुरुषाच्या पूर्ण कापडाला चोवीस पट्ट्या लागतात, मग त्या शेजारी शेजारी शिवायच्या. माझी आजवर झालेली पट्टी दीड वीत. या वेगाने प्रदर्शन माझ्या नातवंडांना करावं लागेल.

घाबरलो नाही. कॉन्सेप्ट बदलला. चोवीस पट्ट्या कशाला? एकच. लांबच लांब एकच पट्टी, छतापासून जमिनीपर्यंत. एकटेपणा. रिकामी जागा. यालाच मिनिमलिझम म्हणतात. अफ्राकोमा म्हणाली, यालाच आळस म्हणतात.

२५ ऑक्टोबर, बुधवार
स्टेटमेंट, म्हणजे प्रदर्शनातलं माझं भाषण, लिहून पूर्ण. चार पानं! 'माझा धागा काळाला प्रश्न विचारतो' इथून सुरुवात. पट्टी दोन वीत. त्यातली एक वीत मामांनी उसवायला लावली.

१ नोव्हेंबर, बुधवार
आज मोठा निर्णय. जगातले सगळे मोठे कलाकार असिस्टंट ठेवतात. विचार मालकाचा, हात असिस्टंटचे. पोकुआला बाजूला घेऊन विचारलं, माझी पट्टी विणशील का? तिने विचारलं, नाव कुणाचं लागेल? म्हणालो, साहजिकच माझं. मग ती बराच वेळ धोट्यात दोरा भरत राहिली. मी पैशाचं काढलं तर म्हणाली, पैसे नकोत मामा. अट एकच. नक्षीचं नाव आजोबा ठेवतील. आणि ते जे ठेवतील ते बरोबर आहे, असं तुम्ही चारचौघांत म्हणायचं.

एवढंच? मी लगेच हो म्हणालो, मामांच्या देखत, हात पुढे करून. माझ्या मामांनी माझ्या कापडाला नाव द्यायचं, म्हणजे कुणाचं देणार? पोरगी भोळी आहे. धंद्यात टिकली नसती.

मामा डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी फक्त एवढं विचारलं, तू काय करणार मग? म्हणालो, मी रोज येणार, हिच्या शेजारी बसून विचार देणार.

७ नोव्हेंबर, मंगळवार
रोज जातोय! सलग चार दिवस (शुक्रवार, शनिवार, रविवार सोडून). कलेत सातत्य महत्त्वाचं.

मी स्टुलावर. पोकुआ मागावर. मी बोलतो, ती विणते. यालाच कोलॅबोरेशन म्हणतात. आज तिला पूर्वज, जागतिकीकरण आणि पडद्याच्या कापडातली पॉलिएस्टरची घुसखोरी हे तीन विषय सांगितले. धोट्याचा आवाज एकदाही थांबला नाही. इतकी एकाग्र श्रोती मला दुकानात कधी मिळाली नाही.

नक्षी सुंदर येतेय. हिरवी जमीन, लाल कड आणि मधूनच एक छोटीशी पिवळी जिभेसारखी खूण. ठरावीक अंतरावर नाही, कुठे दोन लागोपाठ, कुठे वीतभर एकही नाही. विचारलं, हे काय? म्हणाली, ज्योत आहे मामा. मी म्हणालो, मुद्दा असा की, ज्योत म्हणजे ज्ञान. तिने लगेच पिवळा धोटा उचलला आणि आणखी एक घातली. मामा खोकत खोकत बाहेर गेले. त्यांचं वय झालंय.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
मामांनी आज विचारलं, अजून बोलायचं शिल्लक आहे का? म्हणालो, बरंच आहे. म्हणाले, बरं. पोकुआ, बाजारातून पिवळं रेशीम अजून मागव.

मी आलो की शेडमध्ये दोघंही खुशीत असतात. परवा तर मी दारातून 'मुद्दा असा की' म्हणत आत शिरलो आणि पोकुआला हसू आवरेना. घरात कलाकार असला की वातावरणच बदलतं.

२५ नोव्हेंबर, शनिवार
पट्टी पूर्ण. अडतीस हात!

आज गावात मयत होतं, सगळं घराणं जमलं होतं, काळ्या-लाल कपड्यांत. जेवणं झाल्यावर मामांनी पट्टी मागवली. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून किनारीवर अंगठा ठेवून पहिल्या हातापासून अडतिसाव्यापर्यंत ओढत नेली. मग म्हणाले, किनार कुठेही हललेली नाही. चार बोटं म्हणजे चार बोटं. माझ्या मामांच्या हातानंतर अशी किनार माझ्या अंगठ्याला आज लागली. सगळ्यांनी ऐका. ज्या हाताने हे विणलं, त्या हाताला माझा माग.

पोकुआ जमिनीकडे बघत होती. आता अशा वेळी कुणीतरी उभं राहायला हवं की नको? प्रदर्शनात पट्टी माझ्या नावावर, इथे दुसऱ्याच्या नावावर, असं कसं चालेल? लोक गोंधळतील. मी नम्रपणे उभा राहिलो. अफ्राकोमाने मागून माझं कापड इतक्या जोरात ओढलं की खांद्यावरून सुटलं, पण तोवर मी आभार मानायला सुरुवात केली होती.

मामा म्हणाले, तू? म्हणालो, मीच, मामा. म्हणाले, बरं. मग नऊ तारखेला माग तिकडे गॅलरीतच घेऊन येतो. तिथेच सोपवू. लोकांसमोर.

एवढा मान! डोळ्यांत पाणी आलं.

२७ नोव्हेंबर, सोमवार
पोकुआला दोनदा फोन केला. उचलला नाही. गावात रेंज नसते.

अफ्राकोमा दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मुलीने आठ वर्षं त्या शेडमध्ये घातली, एवढंच भांडी घासताना भांड्यांना सांगते. मुद्दा असा की, माग माझ्याकडे आला तरी विणणार पोकुआच. फक्त मालक मी. यात तिचं काय गेलं? उलट भाडं नाही घेणार.

तरी आज दुकानात दोन गिऱ्हाइकांना चुकीचा भाव सांगितला. हवा कोंदट आहे.

७ डिसेंबर, गुरुवार
उत्तरेकडून कोरडं वारं सुटलंय, सगळीकडे धूळ. भाषण तयार, चार पानांचं सहा झालं. नवा झुळझुळीत अंगरखा शिवून आलाय.

वीतभर विणून दाखवायचा प्रश्न सोडवला. पायाचा फोड. मागावर बसायचं, धोटा हातात धरायचा, फोटो, मग फोड आठवायचा. सप्टेंबरचा फोटो फोनमध्ये आहेच.

१० डिसेंबर, रविवार, सकाळ
काल प्रदर्शन झालं. जसं झालं तसं लिहितो. या वहीत मी कधी काही लपवलेलं नाही.

हॉल भरलेला. पडदे सुंदर दिसत होते (माझ्याच दुकानाचे). मधोमध माझी पट्टी छतापासून खाली, उरलेली जमिनीवर वेटोळी करून, शेजारी पाटी, पाटीवर माझं नाव, ज्येष्ठ समकालीन कलाकार. खाली मामांचा माग. मामा खुर्चीवर, काठी गुडघ्यांत. मागे पोकुआ आणि गावातली वीसेक माणसं, एक ट्रोट्रो गाडी भरून.

सेर्वा मॅडम म्हणाल्या, आता कलाकार स्वतः विणून दाखवतील. मी मागावर बसलो, धोटा धरला, फोटो झाले. मग फोडाचं सांगितलं. मॅडम हळहळल्या. मामा म्हणाले, दाखव पाय.

आता लोकांसमोर पाय काय दाखवायचा? पण गावातल्या एका म्हातारीने माझा शूज धरून ओढलाच. मोजाही गेला. पाय स्वच्छ होता. इतका स्वच्छ आणि मऊ की ती म्हातारी म्हणाली, अगंबाई, हा तर नवऱ्यामुलाचा पाय. सगळे हसले. मीही हसलो. कार्यक्रम खेळीमेळीत चालला होता.

विणलं मग. चार बोटांनी सुरुवात झाली हे मी ठामपणे सांगू शकतो. गॅलरीतले दिवे तिरपे होते. फरशी गुळगुळीत, त्यावर दगड घसरत होता. सातव्या फेकीला एक धागा तुटला. अकराव्याला तीन. बाराव्याला धोटा माझ्या हातातून निघाला तो थेट मॅडमच्या चपलेवर. पट्टी तोवर दोन बोटांवर आली होती.

मामा काठी टेकत उठले, मागाजवळ आले, माझ्या पट्टीवर त्यांनी अंगठा फिरवला. मला वाटलं दम्याचं काही म्हणतील. फक्त म्हणाले, पोकुआ, ये.

ती आली. मी फळीवरून उठलो. चपला तिने आधीच काढल्या होत्या. तुटलेले धागे जोडले, खाली वाकली आणि आवाज सुरू झाला. तो आवाज मी चौदा वर्षांचा होईपर्यंत रोज ऐकलाय. माझे कान तिखट आहेत हे मी लिहिलंच आहे. त्या आवाजात एकदाही अडखळ नव्हती. पाचेक मिनिटांत तीन बोटं लांब पट्टी, किनार अशी की सुरीने कापावी.

मामांनी तिचा हात धरून वर केला. म्हणाले, हा हात. माग याचा.

गावातल्या म्हाताऱ्या, ज्यांनी आठ वर्षांपूर्वी बोलणं टाकलं होतं, त्याच टाळ्या वाजवत होत्या. मी पण वाजवल्या. सगळ्यांच्या नंतर सुरू केल्या, त्यामुळे सगळ्यांच्या नंतर संपल्या.

मग मॅडमनी मामांना विचारलं, कापडाचं नाव काय? मी अंगरखा सारखा केला.

मामा म्हणाले, याचं नाव 'भाचा अजून बोलतोच आहे'.

आपली भाषा येणारे जे होते ते सगळे एकदम हसले. मॅडमनी मन लावून लिहून घेतलं आणि मला विचारलं, बरोबर? पोकुआ माझ्याकडे बघत होती. सबंध दिवसात पहिल्यांदाच बघत होती. मी हात पुढे करून शब्द दिला होता. चाळीस वर्षं धंदा केला, शब्द फिरवला नाही. म्हणालो, बरोबर.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं हे मला मान्य आहे. पण गैरसमज राहू नये म्हणून खुलासा करायला गेलो. म्हणालो, मुद्दा असा की...

पोकुआने वर न बघता पिवळा धोटा उचलला आणि एक जीभ घातली.

मग जो हशा झाला त्यात माझं सहा पानी भाषण राहून गेलं. गावच्या एका माणसाने छतापर्यंतच्या जिभा मोजल्या. एकशे बारा. म्हणाला, एकशे तेरा झाल्या आता.

मॅडमनी पाटीवरच्या माझ्या नावावर पांढरा कागद चिकटवला, त्यावर पोकुआचं नाव. माझंही आहे. खाली, लहान अक्षरांत. 'प्रेरणा : अम्पोन्सेम'. शांतपणे विचार केला तर प्रेरणा ही कलेहून मोठीच गोष्ट.

१२ डिसेंबर, मंगळवार
अफ्राकोमा बोलायला लागली. म्हणाली, त्या पोरीने तुम्हाला चांगलं मामा बनवलं. म्हणालो, मी तिचा मामाच आहे, त्यात बनवायचं काय? ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

१५ डिसेंबर, शुक्रवार
शुक्रवार. आता या नियमाचा काही उपयोग नाही.

गावी गेलो. पोकुआ मामांच्या मागावर होती. मामा स्टुलावर, माझ्या. मी उभाच राहिलो. मयताच्या दिवसाबद्दल तिला काहीतरी म्हणायचं होतं, रस्ताभर जुळवत गेलो होतो. तोंड उघडलं तसा तिचा हात आपोआप पिवळ्या धोट्याकडे गेला. मिटलं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, मामा, त्या दोऱ्याचं टोक धरा जरा. धरलं. तासभर धरलं.

२० डिसेंबर, बुधवार
केजेटियाला पडद्यांच्या कड्या घ्यायला गेलो होतो. कापडवाल्यांच्या गल्लीतून जाताना कान टवकारले. एक बाई विचारत होती, 'भाचा बोलतोय' आहे का गं? दुकानदारीण म्हणाली, विणलेलं मिळायला फेब्रुवारी उजाडेल, पोकुआकडे रांग आहे. पण छापील आलंय. किती देऊ? बाई म्हणाली, सहा वार. आमच्या दिराला भेट द्यायचंय.

सहा वार. नेमके सहा.

पूर्ण नावदेखील घेत नाहीत आता. प्रत्येकीला कळतं.

२७ डिसेंबर, बुधवार
चर्चचे पडदे. खिडक्या चौदा. उंची ८४, रुंदी ४८, दोन खिडक्या ५१. कापड निळं. मापं अफ्राकोमाने घेतली. मी शिडी धरली.

३१ डिसेंबर, रविवार
वर्षाची शेवटची प्रार्थना. निळे पडदे चांगले पडलेत.

अफ्राकोमा नवा ड्रेस घालून आली. हिरवी जमीन, लाल कड, पिवळ्या जिभा. मला न विचारता शिवला. विचारलं तर म्हणाली, घरचंच कापड आहे.

प्रवचनाआधी पुढच्या बाकावरच्या बाई वळल्या. नवीन आहेत, सुन्यानीहून बदलून आल्यात. ड्रेसची बाही चिमटीत धरून म्हणाल्या, काय गोड कापड आहे, नाव काय याचं? अफ्राकोमाने फक्त माझ्याकडे बघितलं.

मी नीट सरसावून बसलो. म्हणालो, सांगतो. मुद्दा असा की, माझ्या आईकडचं घराणं सात पिढ्या...

बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, कळलं नाव.